किनाऱ्यावरून विमाने बघायची आहेत? नौदल दिनाच्या प्रात्यक्षिकांना पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

४ डिसेंबर २०२३ रोजी तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिनाची प्रात्यक्षिके झाली, तेव्हा आमच्या न्याहारी-निवासाच्या दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या. एका खोलीत सांगलीचे कुटुंब होते, दोन लहान मुलांसह. दुपारी बाराला उत्साहाने निघाली ती मंडळी रात्री साडेनवाला परतली. काय काय पाहिलेत, असे मी विचारले. धाकटा म्हणाला, "काळे ठिपके." त्याच्या वडिलांच्या मोबाईलमध्येही तेच होते: पांढरट आकाश, त्यात ठिपके, आणि पुढे शंभर माणसांचे वर केलेले हात.

मला फार वाईट वाटले. कारण तीच विमाने मी सरावाच्या दिवशी इतकी स्वच्छ पाहिली होती की पंखाखालचे तिरंगी चक्रही दिसले होते. माझ्याकडे पास नव्हता की मोठा कॅमेरा नव्हता. शेजारचे रापणकर काका आदल्या संध्याकाळी एवढेच म्हणाले होते, "गो बाय, सूर्याक पाठ करून उभी रव. आणि आवाज येता थंय बघू नको, इमान तेच्या फुडे गेलेला आसता." रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, मासा कुठे उसळतोय हे किनाऱ्यावरून ओळखण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचा हा सल्ला.

पुढे २०२५ मध्ये भाच्याला घेऊन मी तिरुवनंतपुरमला गेले आणि तिथेही हेच सगळे उपयोगी पडले. तेव्हापासून येणाऱ्या पाहुण्यांना मी जे तोंडी सांगते, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. कार्यक्रम कुठे आहे, ते आधी नक्की करा

नौदल दिन दरवर्षी ४ डिसेंबरला असतो. १९७१ च्या युद्धात त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, ते 'ऑपरेशन ट्रायडंट', त्याची ही आठवण. तारीख ठरलेली असली तरी मोठ्या प्रात्यक्षिकांची जागा मात्र आता दरवर्षी बदलते. २०२२ ला विशाखापट्टणम, २०२३ ला आपले सिंधुदुर्ग, २०२४ ला पुरी, २०२५ ला तिरुवनंतपुरमचा शंखुमुखम किनारा. तिरुवनंतपुरमचा कार्यक्रम तर ४ ला नव्हे, ३ डिसेंबरला झाला. त्यामुळे "चार तारखेला पोचू" असे गृहीत धरून तिकीट काढू नका.

दरवर्षी मला एक तरी फोन येतो: "यंदा तारकर्लीला विमाने कधी आहेत?" यंदा तारकर्लीला असतीलच असे नाही. २०२३ चे व्हिडिओ दरवर्षी नव्याने फिरतात आणि लोक फसतात. जागा आणि तारीख नौदलाच्या किंवा जिल्हा प्रशासनाच्या घोषणेतूनच घ्या.

वायुसेना दिन ८ ऑक्टोबरला असतो, त्याचीही हवाई प्रात्यक्षिके अलीकडे शहरे बदलत होतात. जमिनीवर उभी असलेली विमाने जवळून, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावरून बघायची असतील, तर बेंगळुरूच्या येलहंका तळावरचा एअरो इंडिया आहे. १९९६ पासून तो दर दोन वर्षांनी भरतो आणि त्याला तिकीट लागते. हा लेख मात्र समुद्रकिनाऱ्यावरून बघण्याबद्दल आहे. ते तंत्र वेगळे आहे आणि कोकणातल्या माणसाला जास्त सोपे आहे.

२. सरावाचा दिवस पकडा

हे पूर्ण लेखातले सर्वात महत्त्वाचे. मुख्य दिवसाआधी काही दिवस सराव चालतो आणि शेवटी रंगीत तालीम होते. तालमीत विमाने तीच, क्रम जवळजवळ तोच, आणि गर्दी कितीतरी कमी. मुख्य दिवशी मोठे पाहुणे असतात. तारकर्लीला पंतप्रधान आले होते, त्यामुळे रस्ते दुपारपासूनच बंद होते. ज्यांनी मुख्य दिवसच धरला त्यांचे चार-पाच तास रस्त्यावर आणि रांगेत गेले.

सराव कधी, हे कसे कळते? स्थानिक वर्तमानपत्रात येते. वाहतूक बदलाच्या पोलीस सूचनेत येते. पण आमच्याकडे सर्वात आधी कळले ते मच्छीमारांना, कारण अमुक वेळेत अमुक भागात होड्या नेऊ नका असे त्यांना सांगावेच लागते. म्हणून ज्या गावी जाल तिथल्या बंदरावर किंवा मासळी बाजारात सकाळी एक फेरी मारा आणि विचारा. लोक आनंदाने सांगतात.

माझा आग्रह असा की तीन रात्री मुक्काम ठेवा: एक सराव, एक तालीम, मग मुख्य दिवस. तेवढी सवड नसेल तर मुख्य दिवस सोडा, तालीम सोडू नका. पहिल्या दिवशी नुसते बघा, वहीत क्रम लिहून घ्या: आधी हेलिकॉप्टरे आली की लढाऊ विमाने, डावीकडून की उजवीकडून, पहिले आणि शेवटचे किती वाजता. दुसऱ्या दिवशी तुमच्या शेजारच्या माणसाला कळायच्या आत तुम्ही योग्य दिशेला बघत असाल.

एक सावधगिरी: हवामान, इंधन, दुरुस्ती, काहीही कारण होऊ शकते आणि एखादे विमान उडत नाही. मुलांना "मिग दिसणारच" असे वचन देऊन नेऊ नका.

३. राहणे, जाणे आणि कागदपत्रे

तारीख जाहीर झाली की खोल्या दोन-तीन दिवसांत संपतात आणि खोट्या जाहिरातीही सुरू होतात. दुसऱ्याच्या घराचे फोटो लावून आगाऊ रक्कम घेणारे नंबर आमच्या भागात तेव्हा फिरत होते. पैसे पाठवण्याआधी व्हिडिओ कॉल करून घर दाखवायला सांगा आणि शेजारच्या दुकानाचे नाव विचारा. खरा घरमालक रागावत नाही. सगळी रक्कम आधी कधीच देऊ नका.

मुंबईकडून तारकर्लीसारख्या ठिकाणी यायचे तर कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा कणकवली ही कोकण रेल्वेची स्थानके, पुढे एसटी किंवा रिक्षा. चिपीला विमानतळही आहे. आणि कार्यक्रम केरळात असला तर नेत्रावती एक्सप्रेस कोकणातून थेट तिरुवनंतपुरमला जाते, आम्ही तिनेच गेलो. स्वतःची गाडी नेलीत तर ती किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटर आधीच लावा आणि चाला. शेवटच्या पार्किंगमध्ये शिरलेली गाडी शेवटीच निघते.

जवळ ठेवा:

- आधार किंवा दुसरे सरकारी ओळखपत्र, मूळ आणि एक झेरॉक्स. मुलांचेही.
- पास असेल तर छापील प्रत. गर्दीत मोबाईलचे नेटवर्क बसते आणि पडद्यावरचा पास उघडत नाही.
- मुक्कामाच्या ठिकाणचा पत्ता आणि फोन, कागदावर. रस्ता बंद असला की "आम्ही इथेच राहतो" हे दाखवायला लागतो.
- मुलांच्या खिशात पालकांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी.

ड्रोन घरी ठेवा. नौदलाच्या किंवा तटरक्षक दलाच्या तळाच्या कुंपणाजवळ जाऊन फोटो काढू नका, हौसेने काढलेला फोटोही तिथे गुन्हा ठरतो. पास नसला तरी निराश व्हायचे कारण नाही. विमाने पाहुण्यांच्या मंडपाच्या वर थांबत नाहीत. किनारा लांब असतो आणि ज्या भागात लोकांना परवानगी असते तिथूनही सगळे दिसते, जागा बरोबर निवडली तर.

४. जागा: आधी सूर्य, मग सगळे

सांगलीच्या पाहुण्यांचे काय चुकले ते आता सांगते. ते मुख्य मंडपाच्या शक्य तितके जवळ, पण उत्तरेच्या बाजूला उभे होते. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, बराच दक्षिणेकडे सरकलेला असतो आणि सहाच्या सुमारास बुडतो. म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात तर दुपारी तीनपासून सूर्य तुमच्या डाव्या अंगाला, उतरत उतरत थेट डोळ्यांत. उत्तरेला उभे राहून दक्षिणेला, म्हणजे मंडपासमोरच्या आकाशाकडे बघायचे म्हणजे सूर्याकडेच बघायचे. पाण्यावरूनही तीच चमक उलटून येते. अशा वेळी सगळी विमाने काळीच दिसणार.

मी उभी होते दक्षिणेच्या टोकाला. तिथून प्रात्यक्षिकांची जागा माझ्या उजवीकडे, वायव्येला. सूर्य डाव्या खांद्याच्या मागे. उतरते ऊन विमानांच्या अंगावर पडत होते, म्हणून राखाडी रंगातले डागसुद्धा दिसले. गोव्याकडून येणारे विमान आधी माझ्या डोक्याजवळून चमकेत जायचे, ते दोन सेकंद वाया. पण पुढे गेले की पूर्ण उजळलेले.

नियम एकच लक्षात ठेवा: सूर्य आणि कार्यक्रमाचा मध्य हे दोन्ही एकाच बाजूला येता कामा नयेत. शंखुमुखमचा किनाराही पश्चिमेच्या अंगाचा, म्हणून तिथे आम्ही तारकर्लीचाच हिशेब लावला. पुरीचा समुद्र दक्षिण-आग्नेयेला, तिथे दुपारचा सूर्य उजव्या हाताला येतो, म्हणून उजवे, म्हणजे पश्चिमेचे टोक धरावे. चेन्नईच्या मरीनाला समुद्र पूर्वेला, दुपारनंतर सूर्य पाठीशी, तिथे काही विचारच करावा लागत नाही.

टोकाला उभे राहण्याचा आणखी एक फायदा आहे. लढाऊ विमाने मध्यावर एकत्र येतात आणि तिथून फुटून वळतात. वळताना त्यांची पाठ आणि पोट दोन्ही दिसतात, आणि ती वळणे टोकाकडच्या लोकांसमोर होतात. समुद्रावरची हवा दमट असते, त्यामुळे जोरात वळण घेताना पंखांवर क्षणभर पांढरी वाफ धरते. मध्यावरच्या माणसाला विमान सरळ जाताना दिसते, तुम्हाला ती वाफ दिसते.

मागे काय आहे तेही बघा. सुरूच्या झाडांची दाट ओळ पाठीला लागून असेल तर जमिनीकडून येणारी विमाने तुम्हाला शेवटच्या क्षणी कळतात. झाडांपासून पन्नास-साठ पावले पुढे या.

५. भरतीची वेळ काढा

बाहेरून येणारे हे हमखास विसरतात. दुपारी दोनला ऐसपैस दिसणारी वाळू पाचला निम्मी झालेली असते, आणि मग पुढे बसलेले लोक उठून मागच्यांवर येतात, चटया भिजतात, चपला वाहून जातात.

आमच्याकडचा जुना ढोबळ हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, त्या सुमारास पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. थोडे पुढेमागे होते. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा ओल्या वाळूच्या रेघेपासून चांगले वर बसा. हा हिशेब आपल्या किनाऱ्यापुरता आहे, दुसऱ्या राज्यात तिथल्या मच्छीमाराला विचारा.

६. ऊन, पाणी आणि पिशवी

इथे मी जरा कडक बोलते. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वायुसेनेची प्रात्यक्षिके भर दुपारी झाली, लाखोंची गर्दी होती आणि त्या दिवशी पाच माणसे दगावली. विमाने बघायला घरून निघालेली माणसे. किनाऱ्यावर वारा असतो म्हणून ऊन जाणवत नाही, घाम वाळत जातो आणि चक्कर येते तेव्हाच कळते. डिसेंबरातही कोकणात दुपारी वाळू तापते.

माणशी दोन लिटर पाणी. बाटली आत नेऊ देत नसतील असे कळले तर रांगेत शिरण्याआधी पोटभर पिऊन घ्या आणि आत पाणी कुठे आहे ते सर्वात आधी शोधा. कोकम सरबत किंवा मीठ-साखरेचे पाणी बरोबर असू द्या. टोपी रुंद कडेची, सुती, गळ्याखाली बांधता येणारी, कारण दुपारी खारे वारे सुटले की टोप्या उडतात. छत्री नको, मागच्याचे आकाश झाकते. साठीच्या पुढची माणसे आणि लहान मुले बरोबर असतील तर त्यांना मुख्य दिवशी नेऊच नका, तालमीला न्या.

मुलांच्या कानांसाठी कापसाचे बोळे चालत नाहीत. औषधाच्या दुकानात फोमचे कानबोळे मिळतात ते घ्या, लहानग्यांना कानावर बसणारी मफ. लढाऊ विमान आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाला जास्तीचा जोर देणारी सोय, लावून समोरून गेले की आवाज छातीत बसतो, तान्हे मूल घाबरून निळे पडते. मी पाहिले आहे.

दुर्बीण ८x४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर काचेची, उत्तम. १०x ची हातात थरथरते, आणि वेगाने जाणारे विमान तिच्यात सापडेपर्यंत निघून जाते. दुर्बीण किंवा कॅमेऱ्याची काच सूर्याकडे कधीही वळवू नका, क्षणात डोळा कायमचा जातो. मुलाच्या हातात दुर्बीण दिलीत तर त्याच्या मागे उभे राहा.

७. आवाजाच्या पुढे बघा

काकांचे दुसरे वाक्य. त्यामागचे गणित भाच्याने मला कागदावर मांडून दाखवले. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. विमान तुमच्यापासून एक किलोमीटरवर असेल तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला तीन सेकंद लागतात. ताशी ८०० किलोमीटरने उडणारे विमान तेवढ्यात साडेसहाशे मीटर पुढे गेलेले असते. तुम्ही आवाजाच्या दिशेने बघता, तिथे रिकामे आकाश.

म्हणून आवाज आला की मान पुढे न्या, विमान ज्या बाजूला चालले आहे त्या बाजूला, दीड-दोन विती अंतर. हात लांब करून आकाशावर वीत धरा, त्या मापाने. त्याहून चांगले म्हणजे आवाजाची वाटच बघू नका. वहीतला क्रम बघा, येण्याच्या दिशेला क्षितिजाच्या जरा वर नजर लावून ठेवा. समोरून येणारे विमान जवळजवळ मुके असते. आधी एक दिवा दिसतो, मग बारीक रेघ, मग अचानक सगळे.

याचा सराव घरबसल्या होतो. गोव्याच्या दाबोळी आणि मोपा विमानतळांची वर्दळ सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकापर्यंत दिसते, रत्नागिरीला तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. रोज संध्याकाळी दहा मिनिटे आकाश बघा. मोबाईलवरच्या विमान दाखवणाऱ्या ॲपवर प्रवासी विमाने दिसतात, लष्करी विमाने बहुतेक दिसत नाहीत, त्यावर विसंबू नका.

८. कोणते काय आहे, ते ओळखा

नाव कळले की विमान लक्षात राहते, नाहीतर सगळी सारखीच. तारकर्लीला २० युद्धनौका आणि ४० विमाने-हेलिकॉप्टरे भाग घेणार असे नौदलाने जाहीर केले होते. ती सगळी पाठ करायची गरज नाही, एवढी पुरतात.

*मिग-२९के:* मागे दोन उभ्या शेपट्या, दोन इंजिने, मोठे अंग. विमानवाहू नौकेवरून उडणारे हे लढाऊ विमान, त्याच्या तुकड्या आपल्या शेजारीच, गोव्यातल्या आयएनएस हंसा तळावर असतात. शेपटीखाली एक आकडा असतो, नौकेच्या डेकवर उतरताना तो आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो आणि विमान थांबते. काही वेळा हा आकडा खाली सोडून ते लोकांसमोरून हळू नेतात, तेव्हा दुर्बीण लावाच.

*नौदलासाठीचे तेजस:* एकच उभी शेपटी, एकच इंजिन, पंख त्रिकोणी आणि मागे आडवी शेपटी नाहीच. मिगच्या शेजारी एकदम लहान वाटते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी हे विमान पहिल्यांदा विक्रांत या विमानवाहू नौकेवर उतरले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नौदलाने तारकर्लीच्या विमानांत त्याचे नाव घेतले. आपल्याच देशात बनलेले विमान आपल्या गावात येणार म्हणून आमची अख्खी वाडी सकाळपासून बाहेर होती.

*पी-८आय:* हे बघून लोक म्हणतात, "हे तर प्रवासी विमान." बरोबरच आहे, बोइंग ७३७ वरूनच ते बनवले आहे, फक्त रंग राखाडी. समुद्रावर दूरवर गस्त घालणे आणि पाणबुड्या शोधणे हे त्याचे काम. आवाज मऊ, उड्डाण शांत, त्यामुळे गर्दी दुर्लक्ष करते. तुम्ही करू नका.

*डॉर्निअर:* पंख अंगाच्या वर, दोन पंखे, घुमणारा एकसुरी आवाज. कोकणच्या मच्छीमारांच्या हे ओळखीचे, किनाऱ्यालगत गस्तीला येते.

*चेतक:* सर्वात लहान हेलिकॉप्टर, पुढे काचेचा गोल फुगा. माझे आवडते. मूळ फ्रेंच बनावटीचे, बेंगळुरूला बनलेले, कित्येक दशके बुडणाऱ्या माणसांना दोराने वर काढते आहे.

*सी किंग आणि सीहॉक:* मोठी हेलिकॉप्टरे. सी किंगच्या वरच्या पंख्याला पाती पाच, सीहॉकच्या चार. यांपैकी एखादे समुद्रावर जागच्या जागी थांबले आणि खाली दोरासारखे काही पाण्यात सोडले, तर ते सोनार आहे, पाण्याखालचा पाणबुडीचा आवाज ऐकायचे यंत्र. बहुतेक लोकांना वाटते काही बिघाड झाला. खरे तर हेलिकॉप्टर तेव्हा ऐकत असते.

*कामोव्ह-३१:* एकावर एक दोन पंखे, उलट दिशांना फिरणारे, आणि मागे छोटा पंखा नाहीच. पोटाखाली मोठी चौकोनी पाटी उघडून फिरते, ते त्याचे रडार. हे एकदा पाहिलेत की कधी विसरणार नाही.

सूर्यकिरण पथक आले तर ते वायुसेनेचे, लाल-पांढरी हॉक विमाने, नऊ मिळून एक आकार धरतात. ते येणार असतील तर जाहीर होतेच.

९. फोटो थोडे काढा

मोबाईलवर विमानाचा फोटो येत नाही, हे मान्य करून टाका आणि व्हिडिओ घ्या, तोही आडवा धरून, झूम न करता. मोबाईल विमानाच्या मागे पळवू नका, किनारा आणि माणसे चौकटीत ठेवून स्थिर धरा, विमान आपोआप त्यातून जाईल.

कॅमेरा असेल तर लढाऊ विमानांना शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान. हेलिकॉप्टर आणि पंख्यांच्या विमानांना मात्र १/२५० च्या आसपास, नाहीतर पंखे गोठल्यासारखे येतात आणि हेलिकॉप्टर आकाशात टांगलेले दिसते. कॅमेरा विमानाबरोबर फिरवायची सवय घारींवर करा. मासळी सुकवायच्या खळ्यावर ब्राह्मणी घारी दिवसभर घिरट्या घालतात, एका आठवड्यात हात बसतो.

आणि पहिली फेरी डोळ्यांनी बघा. सगळा कार्यक्रम पडद्यातून पाहिलेल्या माणसांना रात्री जेवताना काही सांगता येत नाही, हे मी माझ्याच पडवीत पाहिले आहे.

१०. खरकटे टाकू नका, हे विमानासाठी आहे

मी हे स्वच्छतेच्या पाटीसारखे सांगत नाही. वड्याचा कागद, माशाची डोकी, उरलेली पोळी किनाऱ्यावर पडली की कावळे, घारी आणि कुरव जमतात. ते उडतात त्याच उंचीवर विमाने खाली येतात. एक घार इंजिनात गेली तर काय होते, ते सांगायला नको. बेंगळुरूला एअरो इंडियाच्या दिवसांत येलहंका तळाभोवतीच्या भागात मांसविक्रीवर बंदी घालतात, ती याचसाठी.

आपल्या किनाऱ्यावर तर पक्षी आधीच भरपूर. म्हणून मी पाहुण्यांना डब्यात कोरडे देते, लाडू, खजूर, घावणे, आणि प्रत्येकाला एक कापडी पिशवी कचऱ्यासाठी. यजमान गावातल्या लोकांनाही विनंती आहे: त्या दिवसांत मासळीचा उरलासुरला कचरा उघड्यावर टाकू नका, पुरून टाका.

याच महिन्यांत कोकणात काही किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालायला येतात. अंधार पडल्यावर वाळूवर बॅटरीचे झोत फिरवू नका आणि काठ्यांनी कुंपण केलेला भाग दिसला तर लांबून जा.

११. घाईने उठू नका

शेवटचे विमान गेले की गर्दी एकदम रस्त्याकडे वळते, चेंगराचेंगरीचा धोका तेव्हाच सर्वात जास्त. तुम्ही बसून राहा. सूर्य बुडाल्यावर समुद्रात उभ्या युद्धनौकांवर रोषणाई होते, तारकर्लीला ती पाहून आमच्या गावच्या म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले होते. तिरुवनंतपुरमला दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी कार्यक्रम होता, मागे जवळजवळ पूर्ण चंद्र वर आला आणि पुढे दिवे लागलेल्या नौका. भाचा अर्धा तास काही बोलला नाही.

तासाभराने रस्ते मोकळे होतात. मुक्कामी पोचल्यावर झोपण्याआधी एक काम करा: दुर्बीण आणि कॅमेऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने मीठ धरलेले असते. कोरड्या फडक्याने पुसले तर मीठ आणि वाळू काचेवर चरे पाडतात. आधी फुंकणीने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ सुती फडक्याने अलगद टिपा, शेवटी कोरडे करा. चपला आणि पिशव्या बाहेर पडवीत झटका, उद्या सकाळी सात वाजता तालमीसाठी पुन्हा निघायचे असेल तर पाण्याच्या बाटल्या रात्रीच भरून ठेवा.